मुली मैदानाच्या कडेला का बसतात?

वाचकाचे पत्र (थोडक्यात): मी एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. पाचवी-सहावीत असताना घंटा झाली तरी मैदान न सोडणाऱ्या मुली आठवी-नववीत गेल्या की कडेला जाऊन बसतात. कधी पोट दुखते, कधी खेळाचा गणवेश विसरलेला असतो, कधी घरून चिठ्ठी आणलेली असते. आठवड्यात चाळीस मिनिटांचे दोन तास मिळतात आणि त्यातही निम्म्या मुली बसून राहतात. सक्ती करावी आणि न खेळणाऱ्यांचे गुण कापावेत, असे काही सहकारी म्हणतात. मुख्याध्यापकांना एखाद्या नामवंत महिला खेळाडूचे भाषण ठेवावेसे वाटते. मला स्वतःला मुलींचा तास वेगळा घ्यावा असे वाटते. मी पुरुष असल्यामुळे त्या काही गोष्टी मला सांगत नाहीत, हेही जाणवते. एक मुलगी मात्र अगदी उलट आहे. ती मधल्या सुट्टीतही पळत असते, काही महिन्यांत बरीच बारीक झाली आहे, आणि सगळे तिचे कौतुक करतात. मला ते खटकते. मी काय करावे?

सर, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राच्या अखेरीस आलेल्या मुलीपासून सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न महिनाभराने सुटले तरी चालतील, हा मात्र थांबवून ठेवण्यासारखा नाही. तुम्हाला जे खटकले ते योग्यच खटकले. वाढत्या वयात शरीराला मिळणारी ऊर्जा आणि व्यायामात खर्च होणारी ऊर्जा यांचा मेळ बसला नाही, तर त्याचा परिणाम केवळ वजनावर होत नाही; पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे कमकुवत होतात, दुखापती वाढतात आणि मनःस्थितीही बिघडते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेची स्वतंत्र नोंद घेतली आणि ती फक्त अव्वल खेळाडूंमध्ये आढळते असे नाही, हेही त्यानंतर स्पष्ट होत गेले. सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही ती सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. ही चौकशी तुम्ही स्वतः करू नका. जिच्याशी ती मोकळेपणाने बोलते अशा शिक्षिकेला किंवा शाळेच्या समुपदेशकांना तुमचे निरीक्षण सांगा आणि त्यांच्यामार्फत, तिला विश्वासात घेऊन, पालकांपर्यंत पोहोचा. तिला वर्गासमोर शाबासकी देऊ नका, काळजीचे बोलही सुनावू नका. तिच्या शरीराविषयी चारचौघांत काहीच न बोलणे सर्वांत बरे. याला जोडूनच एक पथ्य सगळ्या वर्गासाठी पाळावे असे सुचवते. ‘खेळा, म्हणजे वजन कमी होईल’ हे वाक्य तुमच्या तासाला कधीही उच्चारले जाऊ नये. ज्या मुलीला आपल्या शरीराची आधीच लाज वाटते ती या वाक्याने मैदानापासून आणखी दूर जाते, आणि जी आधीच अर्धपोटी राहून पळते आहे तिला ते प्रोत्साहन वाटते.

आता कडेला बसणाऱ्या मुलींविषयी. हा प्रश्न तुमच्या शाळेपुरता नाही, आणि तो तुमच्या शिकवण्याच्या कमतरतेतून आलेला आहे असे मानण्याचेही कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील ११ ते १७ वयाच्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती तपासली, तेव्हा २०१६ मध्ये सुमारे ८५ टक्के मुली आणि ७८ टक्के मुलगे शिफारस केलेल्या पातळीपेक्षा कमी हालचाल करत असल्याचे दिसले. मुलग्यांची स्थितीही काही अभिमानाने सांगावी अशी नाही; पण २००१ ते २०१६ या काळात त्यांच्यात थोडी तरी सुधारणा झाली, मुलींच्या बाबतीत आकडा जवळपास जागचा हलला नाही.

शिफारस अशी आहे की या वयात दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल व्हावी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे, जोरकस व्यायाम व्हावेत. याचा हिशेब तुमच्या वेळापत्रकाशी मांडून पाहा. आठवड्याला ४२० मिनिटे हवीत आणि तुमच्या हाती आहेत ८०. त्यातून कपडे बदलणे, हजेरी, रांगा लावणे आणि वर्गात परतणे वजा केले, तर प्रत्यक्ष हालचालीसाठी चाळीस मिनिटे उरली तरी नशीब. याचा अर्थ, सगळ्या मुली अगदी शिस्तीत धावल्या तरी केवळ तुमच्या तासाने त्यांची गरज भागणार नाही. मग या तासाचे काम काय? माझ्या मते, उरलेले पाच दिवस, सुट्ट्या आणि शाळा सुटल्यानंतरची वर्षे यांत मुलीला स्वतःहून हलावेसे वाटेल असा काहीतरी अनुभव तिला देणे, हे त्याचे काम आहे. माझा पुढचा सगळा सल्ला या एकाच कसोटीवर उभा आहे: ज्या उपायाने आज दहा मिनिटे मिळतात, पण मुलीच्या मनात मैदानाविषयी नावड पक्की होते, तो उपाय टाळावा.

या कसोटीवर गुण कापण्याची सूचना टिकत नाही. सक्तीने मुली उभ्या राहतील, रेंगाळत एक फेरीही मारतील, आणि शाळा संपली की पुन्हा आयुष्यात न धावण्याचा निश्चय करतील. त्याच कारणासाठी, उशीर झाला किंवा गडबड केली म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणे आजपासून बंद करा. जी गोष्ट आपण शिक्षा म्हणून देतो, ती मुलांना आवडावी अशी अपेक्षा करणे फारसे सयुक्तिक नाही. गुण द्यावेच लागत असतील तर ते वेगाचे किंवा उंच उडीचे देऊ नका. स्वतःच्या आधीच्या कामगिरीत झालेली सुधारणा, नवे कौशल्य शिकण्याचा प्रयत्न आणि सहभाग यांचे द्या.

नामवंत खेळाडूच्या भाषणाने नुकसान काही होणार नाही, पण कडेला बसलेल्या मुलीसाठी त्याचा उपयोगही मर्यादित आहे. जिंकण्यासाठी सोसलेल्या कष्टांची कहाणी ऐकून जी मुलगी आधीच खेळते तिला हुरूप येतो. जिला चेंडू झेलता येत नाही तिला मात्र हे आपले जग नव्हे याची खात्री पटते. त्यापेक्षा वरच्या वर्गातील एखादी साधारण कुवतीची, पण रोज मजेत खेळणारी मुलगी आठवीच्या मुलींसोबत महिनाभर तासाला आली, तर तिचा प्रभाव जास्त पडेल.

वेगळ्या तासाचा तुमचा विचार निम्मा बरोबर आहे. या वयात मुली खेळ टाळतात त्यामागे आळसापेक्षा दुसऱ्यांच्या नजरेची धास्ती मोठी असते. शरीर झपाट्याने बदलत असते, त्याची स्वतःलाच पुरती सवय झालेली नसते, आणि अशा वेळी तीस-चाळीस जणांसमोर एकटीने धावून, उडी मारून किंवा चेंडू फेकून दाखवायचे असते. मुलगे हसतील ही भीती खरी आहे; परंतु मैत्रिणी काय म्हणतील ही भीतीही तितकीच खरी असते, आणि ती तास वेगळा केल्याने जात नाही. शिवाय काही मुलींना मुलग्यांबरोबर खेळायला आवडते, त्यांच्यावर वेगळेपण का लादायचे? म्हणून काही खेळ एकत्र, काही वेगळे आणि काहींमध्ये निवडीची मुभा अशी व्यवस्था ठेवा, आणि खरा भर ‘एकीकडे सगळ्यांचे डोळे’ ही परिस्थिती मोडण्यावर द्या. त्यासाठी खर्च लागत नाही. दोन कर्णधारांनी एकेक नाव पुकारत संघ निवडण्याची पद्धत बंद करा; शेवटी उरणारी मुलगी बहुधा दर वेळी तीच असते आणि ते सगळ्यांना दिसते. एकेकीची चाचणी घेऊन निकाल मोठ्याने वाचू नका. ज्या शर्यतीत मागे पडणारा एकेक जण बाहेर पडतो आणि बाकीचे त्याच्याकडे पाहत उभे राहतात, ती कमीत कमी घ्या. वर्गाचे चार-पाच जणींचे छोटे गट करा आणि सगळे गट एकाच वेळी कामाला लावा. जो स्वतः खेळतो आहे त्याला दुसऱ्याकडे पाहायला सवड नसते. लहान गटांचा आणखी एक फायदा असा की एका चेंडूमागे तीस जणी उभ्या राहण्याऐवजी प्रत्येकीच्या वाट्याला चेंडू खरोखर येतो. तासाचा निदान निम्मा वेळ तरी दम लागेल अशा हालचालीत जावा, अशी अपेक्षा शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात सर्वसाधारणपणे ठेवली जाते, आणि रांगा मोडल्याशिवाय ती पुरी होणार नाही.

कपड्यांकडे आपण शिक्षक मंडळी शिस्तीचा विषय म्हणून पाहतो. मुलीसाठी तो अब्रूचा विषय असतो. तोकडी किंवा अंगाला चिकटणारी पॅन्ट, घामाने पारदर्शक होणारा पांढरा सदरा, पाळीच्या दिवसांत डाग दिसेल असा फिकट रंग, यांपैकी एक कारणही ‘गणवेश विसरला’ असे सांगायला पुरेसे आहे. गडद रंगाची सैल पॅन्ट, लांब बाह्या किंवा आखूड बाह्या, सदरा आत खोचणे किंवा न खोचणे, हे ज्याचे त्याने ठरवावे, एवढी सूट दिली तरी अशा निमित्तांची संख्या घटेल असे मला वाटते. कपडे बदलण्याच्या खोलीला आतून कडी हवी, शक्य असेल तिथे पडद्याचे आडोसे हवेत, आणि तासानंतर तोंड-हात धुऊन सावरायला पाच-सात मिनिटे हवीत. पुढच्या तासाला घामेजलेल्या अवस्थेत बसावे लागणार असेल, तर घाम येईल असे काही करायचेच नाही हा निर्णय कोणतीही शहाणी मुलगी घेईल.

एक मुद्दा असा आहे की जो मुली पुरुष शिक्षकांना सांगत नाहीत आणि बहुधा शिक्षिकांनाही सांगत नाहीत. धावताना, उड्या मारताना छातीची होणारी हालचाल दुखते आणि तिची लाजही वाटते. ब्रिटनमधील ११ ते १८ वयाच्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलींच्या पाहणीत जवळपास निम्म्या मुलींनी या कारणाचा आपल्या खेळातील सहभागावर काही ना काही परिणाम होतो असे सांगितले. व्यवस्थित मापाची स्पोर्ट्स ब्रा वापरली तर हा त्रास बराच कमी होतो. परंतु ती कशी असावी, माप कसे घ्यावे, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. एखादी शिक्षिका किंवा परिचारिका यांनी वर्षातून एकदा फक्त मुलींसाठी अर्धा तास हा विषय आणि पाळी असा एकत्र घेतला, तर तुमच्या पुढच्या अनेक तासांची अडचण सुटेल. तुम्ही त्या अर्ध्या तासाची व्यवस्था करून द्या आणि स्वतः तिथून दूर राहा.

पाळीबाबत दोन टोके टाळावी लागतील. पाळीत खेळू नये, हा समज वैद्यकीयदृष्ट्या निराधार आहे. उलट आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा पाऊण ते एक तास व्यायाम केल्यास पाळीतील वेदना कमी होण्यास मदत होऊ शकते, असे २०१९ मधील एका मोठ्या आढाव्यात दिसून आले. पण याचा आधार घेऊन कळा येत असलेल्या मुलीला ‘खेळ, बरे वाटेल’ असे फर्मावणे म्हणजे दुसरे टोक. तिला कारण विचारू नका, चिठ्ठी मागू नका. ‘आज हलके’ असा एक पर्याय प्रत्येक तासाला सर्वांसाठीच खुला ठेवा: चालणे, अंग ताणण्याचे व्यायाम, गुण मोजणे, पंच होणे. कोणत्याही कारणाने कोणीही तो घेऊ शकेल, म्हणजे तो घेणाऱ्या मुलीची पाळी सुरू आहे असा बोभाटा होणार नाही. सॅनिटरी पॅड कुठे मिळतील हे मैदानाजवळच्या स्वच्छतागृहात लिहून ठेवले आणि ते कोणालाही न विचारता घेता आले, की ‘पोट दुखते’ म्हणणाऱ्यांतल्या किती जणींचे पोट खरोखर दुखत होते हे तुम्हाला कळेल. ज्यांचे दर महिन्याला इतके दुखते की शाळाही बुडते, त्यांना मात्र डॉक्टरांकडे पाठवायला हवे. तेवढे दुखणे ‘असायचेच’ म्हणून सोडून देऊ नये. सतत थकलेल्या, जिना चढताना धाप लागणाऱ्या मुलीच्या बाबतीतही हेच. पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये लोहाची कमतरता सर्रास आढळते, आणि या वयात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असणे म्हणजे रक्तक्षय. तिला आळशी ठरवण्याआधी रक्त तपासून घ्यावे.

आता कौशल्याचे. आठवीतला मुलगा चांगला फेकतो आणि मुलगी वाकडे फेकते, याचे मोठे कारण असे की त्याने त्याआधी हजारो वेळा फेकलेले असते आणि तिला ती संधी मिळालेली नसते. त्यात वाढीचा वेग मुलींमध्ये साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतो. हातपाय लांबतात, तोल बदलतो, आणि जे सहज जमत होते ते काही काळ अवघड वाटू लागते. या मुलींना थेट सामन्यात उतरवणे म्हणजे पोहणे न शिकवता स्पर्धेच्या तलावात ढकलणे आहे. आधी फेकणे, झेलणे, उडी मारून नीट उतरणे, दिशा बदलणे हे सुटे सुटे शिकवा आणि ते चुकत शिकण्याला जागा द्या. उतरण्याच्या तंत्राला तर मी विशेष महत्त्व देईन. फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांत गुडघ्याच्या आतील मुख्य अस्थिबंध फाटण्याचे प्रमाण किशोरवयीन मुलींमध्ये मुलग्यांपेक्षा दुपटीहून अधिक असते, आणि तोल, उड्या व पायांची ताकद यांवर बेतलेल्या पंधरा-वीस मिनिटांच्या तयारीने ते लक्षणीय कमी करता येते. फिफाचा ‘११+’ हा सराव याच हेतूने तयार झाला आहे. तुमच्या चाळीस मिनिटांत तो सगळा मावणार नाही, पण त्यातील चार-पाच हालचाली दर तासाच्या सुरुवातीला घेता येतील. उड्यांचा दुसरा लाभ हाडांना होतो. प्रौढपणी हाडांमध्ये असणाऱ्या एकूण खनिजांपैकी जवळपास चौथा भाग वाढीच्या सर्वांत वेगवान अशा दोनच वर्षांत साठतो, आणि नेमक्या त्याच काळात मुली बसू लागतात. दोरीवरच्या उड्यांना ना मैदान लागते ना संघ, त्यामुळे सुरुवातीला तोच प्रकार घ्यावा असे मी म्हणेन.

मैदानाच्या जागेकडेही एकदा त्रयस्थाच्या नजरेने पाहा. मधल्या सुट्टीत मधोमध फुटबॉल चालतो, तो खेळणारे बहुतेक मुलगे असतात, आणि उरलेले सगळे भिंतीला टेकून उभे राहतात, असे चित्र असेल तर ते आपोआप बदलणार नाही. व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात केलेल्या पाहणीत नऊ-दहा वर्षांनंतर मुली सार्वजनिक उद्यानांतून दिसेनाशा होतात असे आढळले. मग दोन उद्यानांची रचना बदलण्यात आली: मोकळी जागा लहान लहान भागांत वाटली, बॅडमिंटन व व्हॉलीबॉलसाठी जागा केल्या, वाटा नव्या आखल्या. त्यानंतर मुली परतल्या, आणि मुलग्यांना कोणी हाकलावेही लागले नाही. तुम्हाला चुन्याच्या चार रेघा आखून आणि वारांची वाटणी करून यातले बरेचसे साधता येईल.

आता हे सगळे तुम्ही ठरवायचे की मुलींनी? पुढच्या आठवड्यात प्रत्येक मुलीला एक कोरी चिठ्ठी द्या, नाव लिहू नये असे सांगा आणि तीन प्रश्न विचारा: तासाला कोणती गोष्ट नकोशी वाटते, काय बदलले तर तू खेळशील, आणि काय करायला आवडेल. नृत्य, बॅडमिंटन, फ्रिस्बी, स्वसंरक्षण, नुसते गप्पा मारत भरभर चालणे, काहीही येऊ शकेल. चालणे हा ‘खेळ’ नाही असे म्हणून ते बाद करू नका. भरभर चालल्याने दम लागत असेल तर ते मोजण्यात धरले जाते. चिठ्ठ्या एखाद्या शिक्षिकेने वाचून तुम्हाला सार सांगितले, तर मुली अधिक मोकळेपणाने लिहितील. मग पाच-सहा मुलींची एक छोटी समिती करा. तीत उत्तम खेळणाऱ्या दोनच असाव्यात, बाकीच्या कडेला बसणाऱ्यांमधून घ्या. दर सहा आठवड्यांचे प्रकार तिने ठरवावेत आणि त्यातील निदान एक सूचना लगेच अमलात आलेली मुलींना दिसावी. विचारून काहीच न करणे हे न विचारण्यापेक्षा वाईट.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. इंग्लंडमध्ये मुलींना डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या एका मोठ्या शालेय उपक्रमाची काटेकोर चाचणी झाली, तेव्हा १४ महिन्यांनंतर मुलींच्या एकूण हालचालीत उल्लेखनीय वाढ आढळली नाही. मुलीच्या दिवसात अभ्यास, घरची कामे, शिकवणी, मोबाइल, अपुरी झोप असे बरेच काही असते आणि ते सगळे शाळेच्या हातात नसते. म्हणून पदके किंवा वजनाचे आकडे मोजण्याऐवजी दोनच नोंदी ठेवा: तासाला निम्म्याहून अधिक वेळ हलत राहिलेल्या मुली किती, आणि तास संपल्यावर किंवा मधल्या सुट्टीत स्वतःहून मैदानावर थांबलेल्या मुली किती. दुसरा आकडा मला अधिक मोलाचा वाटतो. तीन महिन्यांनी त्याच तीन प्रश्नांच्या चिठ्ठ्या पुन्हा घ्या आणि उत्तरे कशी बदलली ते पाहा.

मुख्याध्यापकांकडे जाताना भाषणाला विरोध करत बसू नका. त्यांनी ते ठेवावे. त्याच भेटीत गणवेशातील सूट लेखी मागून घ्या, कपडे बदलण्याच्या खोलीची कडी आणि स्वच्छतागृहातील पॅड यांची तजवीज करून घ्या, तासानंतरच्या पाच मिनिटांविषयी पुढच्या तासाच्या शिक्षकांना कळवायला सांगा, आणि जमल्यास दोन डझन दोऱ्या व आणखी काही चेंडू मागा. आणि त्या पळणाऱ्या मुलीविषयी शिक्षिकेशी बोलायचे ते या भेटीसाठी थांबवून ठेवू नका. ते उद्याच बोला.